शेपटीला भोक नव्हतं

गादी गच्चीवर न्यायची की गॅलरीच्या कठड्यावर टाकायची, एवढाच प्रश्न होता. गच्ची म्हणजे आणखी दोन जिने, आणि ओली गादी काय चीज असते हे ज्याने ती खांद्यावर घेतली आहे त्यालाच कळेल. धरावी तिथून सटकते, सोडावी तर अंगावर येते. मी म्हटलं, कठडा काय वाईट आहे. (माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय ‘काय वाईट आहे’ याच शब्दांनी झालेले आहेत. लग्नाबद्दल मी बोलत नाहीये. हे बायको वाचणार आहे.)

गादी ओली झाली होती ती पिल्लूमुळे. पिल्लू हे आमच्या कुत्र्याचं नाव. मुलीने बुटांच्या खोक्यातून घरी आणला तेव्हा तो खरोखरच पिल्लू होता. पुढे त्याचं धूड झालं, मग म्हातारं धूड झालं, पण नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. मुलगी नोकरी आणि नवरा दोन्ही शोधून लांब निघून गेली आणि कुत्रा आमच्याकडे ठेवून गेली. तिचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न, “पिल्लू जेवला का?” मग त्याचे डोळे, त्याचे गुडघे, त्याची झोप. शेवटी वेळ उरलाच तर, “आणि बाबा?” बायको म्हणते, “आहेत.”

माझ्याशी बायकोचं बोलणं तसं कमीच. “दूध आणा”, “पंखा बंद करा”, “पाय पुसून या” असं. सगळी आज्ञार्थी क्रियापदं. बाकीचं व्याकरण ती पिल्लूसाठी राखून ठेवते. दुपारभर त्याच्याशी गप्पा चालतात, शेजारीण काय म्हणाली, दाढ कशी ठणकते, मुलीच्या आवाजात काय वेगळं वाटलं. तिची दाढ दुखत होती हे मला दाढ काढून झाल्यावर कळलं. पिल्लूला आधीपासून माहीत होतं.

तर या पिल्लूने एकाएकी गादीवर करायला सुरुवात केली. सगळ्या गादीवर नाही, फक्त माझ्या बाजूला. बायकोच्या बाजूला थेंब नाही. मी ऑफिसातून आलो की चादरीवर नकाशा काढलेला असायचा आणि नकाशाच्या मधोमध माझी उशी.

उपाय करून झाले. गादीवर प्लॅस्टिक अंथरलं, तर मी कूस बदलली की फरसाणाची पिशवी फोडल्यासारखा आवाज यायचा आणि बायको “झोपता का जरा” म्हणायची. मग कोणीतरी सांगितलं, व्हिनेगर शिंपडा, कुत्र्यांना तो वास सोसत नाही. पिल्लूला सोसला. ऑफिसातल्यांना सोसला नाही. शेवटी मी झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा पिल्लू दाराबाहेर बसून अशा सुरात रडायला लागला की बायको उशी घेऊन त्याच्याशेजारी जाऊन आडवी झाली. म्हणजे गादी कोरडी, आणि मी तिच्यावर एकटा. दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं.

आणि मग ती कठड्यावरची गादी.

आमच्या बरोबर खालच्या घरात एक बाई शिवणकाम करतात. त्यांना सगळे शिवणबाई म्हणतात. त्या दिवशी त्यांनी कुठल्याशा दवाखान्याचे पांढरे कोट खळ घालून आपल्या गॅलरीत वाळत टाकले होते. मी गादी आधी साबणाच्या पाण्याने चोळली होती (स्वच्छतेची हौस) आणि मग कठड्यावर टाकली. गादीने दुपारभर निवांत ठिबकून घेतलं. कोटांच्या पाठीवर पिवळे ओघळ. संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी दारात. ते निवृत्त हेडमास्तर असल्यामुळे त्यांना सगळे मास्तर म्हणतात आणि ते सगळ्यांना विद्यार्थी समजतात.

“कुत्रा घरात घाण करत असेल,” ते म्हणाले, “तर तो इमारतीत राहणार नाही. नियम आहे. मागच्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्यांचा पोपटसुद्धा याच नियमात गेला.”

“पोपट तर शिव्या द्यायचा म्हणून गेला ना?” मी विचारलं.

“घाणच ती,” मास्तर म्हणाले.

बायको त्यांच्यामागोमाग खाली शिवणबाईंकडे गेली. बराच वेळ खाली होती. मी पिल्लूसमोर बसून राहिलो. त्याने डोकं पंजांवर ठेवलं होतं आणि तो दाराकडे बघत होता. खरं सांगतो, त्या वेळी मलाही भरून आलं. त्याला काढला तर या घरात बोलणार कोण, असं वाटून गेलं.

बायको परत आली ती शांत चेहऱ्याने. “मिटलं,” ती म्हणाली.

“कसं मिटलं?”

“मिटलं म्हणजे मिटलं. पाय पुसलेत का तुम्ही?”

मी खोलात शिरलो नाही. मी पाणीपुरवठा खात्यात गळती विभागात कारकून आहे. गळती थांबली की ती का थांबली हे विचारायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो आहे.

पुढच्या काही दिवसांत इमारत माझ्याशी फार चांगली वागायला लागली. जिन्यात भेटणारी माणसं बाजूला होऊन मला वाट द्यायची. मास्तरांनी एकदा माझ्या हातातली पिशवी घेतली, तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली आणि म्हणाले, “जड उचलू नका. ताण येतो.” समोरच्या घरातल्या आजोबांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की संध्याकाळनंतर चहा बंद करा. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर थकवा दिसत असेल. आयुष्यात पहिल्यांदाच लोकांना आपली किंमत कळली, असंही वाटलं. (माणसाने असलं काही वाटून घेऊ नये.)

ऑफिसात आमचे हेडक्लार्क मास्तरांचे मेहुणे लागतात. त्यांनी माझं टेबल खिडकीजवळून उचलून दाराजवळ ठेवलं. “इथून पटकन जाता येईल,” ते म्हणाले. कुठे, ते बोलले नाहीत. मला वाटलं, बढतीची चिन्हं असतील.

मग एका संध्याकाळी शिवणबाई जिन्यात भेटल्या. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“भाऊ, बरं झालं भेटलात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “वहिनींशी बोलणं झालंय माझं. माझ्या मनात काही नाही.”

“तुमचे कोट खराब झाले, वाईट वाटलं हो.”

“कोट धुतले की निघतात. मला सांगा, रोज होतं का?”

“रोज नाही. एक दिवसाआड.”

“झोपेत होत असेल.”

“झोपेत कसलं. चांगला जागा असतो. आधी वास घेतो, मग गादीवर गोल गोल फिरतो, जागा बघतो आणि मग करतो.”

शिवणबाईंनी ते पुडकं छातीशी धरलं. “म्हणजे ठरवून?”

“ठरवूनच. नेहमी एकाच बाजूला.”

“आणि नंतर?”

“नंतर सोफ्यामागे जाऊन बसतो. हाक मारली तरी बाहेर येत नाही. लाज वाटते.”

“वाटणारच हो. वहिनी काय म्हणतात?”

“ती काय म्हणणार? मांडीवर डोकं घेऊन थोपटते. मी तर सांगितलं होतं, पलंगाच्या पायाला दोरीने बांधून ठेव. ऐकतच नाही.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, किती प्राणिप्रेमी बाई आहे, आणि आपण हिला कजाग समजत होतो.

“असं नका बोलू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “वय झालं की होतं. हे घ्या, मी अंदाजाने शिवलंय. आत जाड कापडाचे थर आहेत. कमरेला नाडी आहे, सैल-घट्ट करता येईल. धुऊन परत वापरायचं.”

“चालताना अडचण नाही ना होणार?”

“अजिबात नाही. वरून पँट घातली की कोणाला कळायचंसुद्धा नाही.”

पिल्लूला वरून पँट कशासाठी घालायची हे मला समजलं नाही. पण शिवणातलं मला काहीच समजत नाही, म्हणून मी मान डोलावली, आभार मानले आणि वर आलो.

घरी येऊन पुडकं सोडलं. काम उत्तम होतं. दुहेरी शिलाई, मऊ अस्तर, नाडीला गाठ. मी पिल्लूला उभा केला, एक पाय घातला, दुसरा घातला, कमरेपर्यंत चढवलं आणि अडलो. शेपटी आत दबून राहिली. पिल्लू वळून वळून मागे बघायला लागला.

“बाई हुशार आहेत,” मी स्वयंपाकघरातल्या बायकोला सांगितलं, “पण शेपटीला भोक ठेवायचं विसरल्या.”

बायकोने नळ मोठा सोडला.

मी ते कापड उलटसुलट करून बघितलं. कंबर माझ्या कमरेएवढी. मांडीचा घेर माझ्या मांडीएवढा. तेव्हा मास्तरांचं ‘ताण येतो’, आजोबांचा चहा, दाराजवळचं टेबल, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि त्या ओळीच्या शेवटी मी होतो.

मी जाऊन नळ बंद केला. “तू त्यांना काय सांगितलंस?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“मग हे काय आहे?”

ती हात पुसत राहिली. “त्याच म्हणाल्या, ‘कुत्र्याचंच आहे ना हे, की…’ आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. तेवढंच केलं.”

“मान खाली घातलीस.”

“मग काय करायचं होतं? कुत्र्याचं आहे म्हटलं असतं तर त्याला हाकलला असता. तुम्हाला कोण हाकलणार आहे?”

हिशेब अगदी बरोबर होता. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांपैकी एकाला वाचवायची वेळ आली आणि तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने त्याच चोराला रोज फिरवायलाही न्यायचं होतं.

“आणि माझी अब्रू?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ही वस्तू घरात कुठे ठेवली होती हे आठवायचा प्रयत्न केल्यासारखी.

जनावरांच्या डॉक्टरकडे मीच पिल्लूला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, तपासणी केली आणि सांगितलं की मूत्रमार्गाला संसर्ग झालाय, गोळ्यांनी बरा होईल. मी विचारलं, माझ्याच बाजूला का करतो?

“तुमच्या वासाजवळ त्याला सुरक्षित वाटत असेल,” डॉक्टर म्हणाले. “त्रास होत असला की जनावरं विश्वासाची जागा शोधतात.”

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं, जरा अभिमानाने. ती म्हणाली, “तुमची बाजू खिडकीजवळ आहे. त्याला वारा लागतो तिथे.”

गोळ्या चालू झाल्या, पण गुण येईपर्यंत गादी अधूनमधून भिजतच होती, आणि रविवारी सकाळी इमारतीची सभा आली. तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. मी ठरवूनच गेलो होतो. लोकांची दया फुकट मिळते, पण ती अंगावर घेऊन जिना चढायचा म्हणजे ओल्या गादीपेक्षा जड. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, गळक्या पाइपचा झाला (त्यावर माझं मत कोणी विचारलं नाही, आणि का ते मला कळत होतं) आणि मास्तरांनी “इतर काही?” म्हणून विचारताच मी उभा राहिलो.

“मला एक खुलासा करायचाय. गादी मी ओली करत नाही. आमचा कुत्रा करतो.”

कोणीतरी खोकलं. मागून एक आवाज आला, “मुक्या जनावरावर ढकलायचं म्हणजे जरा…”

“ढकलत नाहीये. खरं सांगतोय. त्याला औषध चालू आहे.”

“भाऊ,” शिवणबाई उठल्या. “मी हे कोणालाही सांगणार नव्हते. पण तुम्ही स्वतःच्या तोंडाने मला जिन्यात सांगितलंत. वास घेतो म्हणालात. गोल गोल फिरतो, जागा बघतो, मग करतो म्हणालात. सोफ्यामागे जाऊन बसतो म्हणालात.”

तोपर्यंत इमारतीला वाटत होतं की मला झोपेत होतं. आता त्यांना सविस्तर कळलं.

“ते कुत्र्याबद्दल होतं,” मी म्हणालो. “कर्ता अध्याहृत होता.”

“बसा,” मास्तर म्हणाले. त्यांनी शाळेत कितीतरी मुलांना असंच बसवलं असेल. “लाजायचं कारण नाही. माझ्या वडिलांनाही शेवटी शेवटी व्हायचं.”

ते ‘शेवटी शेवटी’ मला फार लागलं.

“माझ्या बायकोला विचारा,” मी म्हणालो. “ती इथेच आहे.”

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती कडेच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनंतीही नव्हती. ती फक्त वाट बघत होती, मी अजून किती बोलतो याची. मग ती उठली.

“त्यांना त्रास होतोय,” ती म्हणाली. “नका ना जास्त विचारू.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. मला खरोखरच त्रास होत होता.

मास्तरांनी मग ठराव मांडला की जिन्याखाली पहारेकऱ्याच्या खोलीशेजारी जो संडास आहे, त्याची एक किल्ली मला कायमची देण्यात यावी, म्हणजे मला घाईत तीन मजले चढावे लागणार नाहीत. इतक्या वर्षांत आमच्या इमारतीत एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. एक-दोघांनी वाजवल्या.

वर आल्यावर बायको बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. म्हणजे आज्ञार्थीसुद्धा नाही. तिने पिल्लूची गोळी कुटली, त्याच्या भातात कालवली, तो खाईपर्यंत जवळ बसली.

“सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलंत,” ती शेवटी म्हणाली.

“खरं तेच सांगितलं.”

“खरं कळून त्यांनी याला काढला असता तर?”

“काढला नाही ना. कोणी ऐकलंसुद्धा नाही.”

“ते तुमचं नशीब,” ती म्हणाली. मग पिल्लूच्या कानामागे खाजवत, त्याच्याकडेच बघत म्हणाली, “मी दिवसभर कोणाशी बोलले असते?”

मला म्हणावंसं वाटलं, माझ्याशी. तोंड उघडलंही होतं. पण काय बोलायचं ते आठवेना. दाढेची चौकशी करावी, तर दाढ केव्हाच निघाली होती. मी जाऊन पंखा बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.

पिल्लू पूर्ण बरा झाला. गादी कोरडी राहू लागली, कठड्यावर दिसेनाशी झाली, आणि इमारतीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. शिवणबाईंनी लांबूनच हात जोडले. आजोबा म्हणाले, “चहा सोडल्याचा गुण.” हेडक्लार्कनी टेबल मात्र दाराजवळच ठेवलं, न जाणो. ती किल्ली मी पहिल्या दिवशीच मास्तरांना परत करायला निघालो होतो, पण ते घरी नव्हते. मग ती खिशातच राहिली.

परवा संध्याकाळी पिल्लूला फिरवून आणत होतो. हवेत गारवा होता, आणि फाटकापाशी आल्यावर मला जाणवलं की तिसरा मजला हल्ली बराच वर गेला आहे. चढून बघावं म्हणून पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तसाच काढून घेतला. इकडेतिकडे कोणी नव्हतं. पिल्लूची साखळी जिन्याच्या कठड्याला अडकवली, खिशातून किल्ली काढली आणि घाईघाईने जिन्याखाली शिरलो.

बाहेर आलो तर समोर मास्तर. माझ्या हातात किल्ली होती आणि पँटची चेन पुरती लागायची होती. नाकारण्यासारखं काहीच नव्हतं. मास्तरांनी खाली वाकून पिल्लूच्या डोक्यावर हात फिरवला. तो मघाशी ठेवला होता तिथेच, अगदी शहाण्यासारखा बसून होता.

“या बिचाऱ्यावर आळ घेत होतात,” मास्तर म्हणाले. “बघा, कसा धरून बसलाय. शिका जरा.”